मदत हवी आहे: मेंदूतील रक्तस्रावानंतर एनएफएल (चेतातंतूंच्या हानीनंतर रक्तात वाढणारे प्रथिन) मोजण्यासाठी रक्ताचा नमुना कोणत्या दिवशी घ्यावा?

मेंदूत आपोआप रक्तस्राव झालेल्या रुग्णांची ९० दिवसांनंतरची स्थिती (अपंगत्व मोजणाऱ्या सुधारित रँकिन श्रेणीनुसार) रक्तातील प्रथिनांवरून वर्तवता येईल का, हे आम्ही तपासत आहोत. डोक्याला मार लागून झालेले रक्तस्राव वगळले आहेत.

दाखल होतानाचे जीएफएपी (मेंदूतील आधारपेशींचे प्रथिन) मोजून पाहिले. परंतु ते गुठळीच्या आकारमानाशी इतके निगडित आहे की वय, ग्लासगो कोमा गुण (शुद्धीची पातळी), आकारमान, निलयांतील (मेंदूतील द्रवपोकळ्यांतील) रक्त आणि रक्तस्रावाची जागा विचारात घेणाऱ्या आयसीएच स्कोअर या गंभीरता-गुणांकात त्याने फारशी भर पडली नाही. एस१००बी हे प्रथिन मेंदूबाहेरील ऊतींतूनही येते, म्हणून ते बाजूला ठेवले. खरी आशा एनएफएलवर आहे, कारण चेतातंतूंच्या हानीनंतर ते दिवसागणिक चढते आणि कित्येक आठवडे टिकते.

मात्र यापुढे प्रत्येकी एकच नमुना घेता येईल, तोही रक्ताचाच. तिसऱ्या दिवशी घेतल्यास पातळी अजून चढतीच असेल. उशीर केल्यास अतिगंभीर रुग्ण दगावलेले आणि सौम्य रुग्ण घरी गेलेले असतील, म्हणजे उरलेला गट एकांगी ठरेल. वय व मूत्रपिंडाचे कार्य विश्लेषणात धरणारच आहोत.

अशा स्थितीत नमुन्यासाठी कोणता दिवस निवडावा, आणि शस्त्रक्रियेमुळे वाढलेले एनएफएल मूळ हानीपासून वेगळे कसे काढावे?