दहा मीटर एअर रायफल : वापरलेली रायफल आणि छर्रे यांची पारख कशी करावी?

प्रश्न (पालक, इंदिरानगर, नाशिक)
माझी मुलगी आठवीत असून सध्या क्लबच्या रायफलवर सराव करते. नाशिकमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या स्वप्नील कुसाळे यांना २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळाल्यापासून स्वतःच्या रायफलीसाठी तिचा हट्ट वाढला आहे. एक वापरलेली रायफल परवडणाऱ्या किमतीत मिळत असून तिच्यावर ‘दहाच लागतात’, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. हे तपासावे कसे, आणि छर्ऱ्यांचा कोणता डबा घ्यावा?

उत्तर १ (टूलरूम, सातपूर)
‘दहाच लागतात’ या वाक्यावरून फारसे काही कळत नाही. लक्ष्याच्या मध्यावरचे दहाचे वर्तुळ अवघे ०.५ मिमी व्यासाचे असले, तरी ४.५ मिमी छर्ऱ्याची कड त्याला शिवली की दहा गुण मिळतात. म्हणजेच छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीपर्यंत सरकला तरी चालते. आंतरराष्ट्रीय पात्रता फेरीत मात्र गुण दशांशात मोजतात आणि एकेक दशांश ०.२५ मिमीचा असतो. त्यामुळे नेमबाजाचा हात हिशेबातून वगळण्यासाठी रायफल शिकंज्यात, नळीवर दाब येणार नाही अशा बेताने, पक्की बसवावी आणि एकाच डब्यातील छर्ऱ्यांचे पाच-पाचचे ग्रुप (म्हणजे पाच छर्ऱ्यांच्या भोकांचे पुंजके) वेगवेगळ्या कागदांवर काढावेत. ग्रुपच्या बाहेरच्या कडांमधील सर्वांत मोठे अंतर मोजून त्यातून छर्ऱ्याचा व्यास वजा केला, की खरा विस्तार कळतो. एखादा ग्रुप योगायोगानेही घट्ट येतो, म्हणून अनेक ग्रुपांची सरासरी पाहावी.

डब्यावर छर्ऱ्याच्या डोक्याचा (पुढच्या टोकाचा) व्यास ४.४९, ४.५० मिमी असा छापलेला असतो. कोणता आकार चांगला, याचे उत्तर त्या त्या नळीवर अवलंबून असते, आणि आकार तोच असूनही बॅच बदलली की निकाल बदलू शकतो. जी बॅच जमेल तिचेच डबे एकदम घेऊन ठेवावेत. (व्हर्नियरने छर्रे मोजत बसू नये, शिसे मऊ असते आणि ०.०१ मिमीचा फरक आपल्या नेहमीच्या व्हर्नियरला दिसतही नाही.)

उत्तर २ (प्रशिक्षक, गंगापूर रोड)
वरील चाचणी योग्यच आहे, पण मी त्याआधी रायफल मुलीच्या खांद्याला लावून पाहीन. या वयात उंची वाढत असते, त्यामुळे बटची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) लांबी आणि गालपट्टी पुरेशी मागेपुढे, वरखाली होते का, हे महत्त्वाचे. नियमातील ५.५ किलो ही रायफलच्या वजनाची कमाल मर्यादा आहे. तेवढे वजन मुलीला पेलवलेच पाहिजे, असा तिचा अर्थ नाही. क्लबमध्ये ती रायफल आठवडाभर वापरायला मिळाली, तरच व्यवहार करावा.

उत्तर ३ (नाशिकरोड)
पैसे देण्यापूर्वी रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरील तारीख वाचा. त्यात साधारण २०० बार दाबाची हवा भरतात आणि त्याच्या वापराला निर्मात्याने मुदत घातलेली असते, बहुधा १० वर्षे. मुदत टळलेले सिलिंडर सुरक्षित मानले जात नाही आणि स्पर्धेत चालत नाही, म्हणून नव्या सिलिंडरची किंमत आधीच विचारून ती सौद्यातून वजा करून घ्या.