लोड आला की ग्राफिक्स कार्ड गायब होतं, नाही झालं तर निकाल चुकतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तीन आठवडे एकाच दुखण्यामागे लागले आहे आणि आता माझ्याकडचे उपाय संपलेत. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहिती दिली की पुढचे दोन दिवस प्रश्नोत्तरांतच जातात.

मशीन असं आहे: ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८०, १० जीबी. पॉवर सप्लाय ७५० वॅटचा, तीन वर्षं वापरातला. रॅम ३२ जीबी, सिस्टिम उबुंटू. दिवसा माझं रोजचं काम आणि रात्री आइनस्टाइन ॲट होम. ज्यांना हा प्रकल्प माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रेडिओ दुर्बिणींच्या आणि गॅमा किरणांच्या नोंदींमधून पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे, शोधण्याचं गणित लोकांच्या घरच्या संगणकांवर वाटून दिलं जातं. २०१० मध्ये अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून सेकंदाला जवळपास ४१ वेळा फिरणारा एक पल्सार असाच सापडला होता. तेव्हापासून मी यात आहे. आधी साध्या प्रोसेसरवर करत होते, या कार्डावर गेली दोन वर्षं.

आता तक्रार. काल रात्रीचंच सांगते. पावणेबाराला कामं सुरू केली. एनव्हिडिया-एसएमआयमध्ये (कार्डाची स्थिती दाखवणारी एनव्हिडियाची कमांड) ३१४ वॅट, तापमान ७१ अंश, क्लॉक म्हणजे चिपचा वेग १,७४० मेगाहर्ट्झवर अगदी स्थिर. वीसेक मिनिटं सगळं सुरळीत. मग टिक असा बारीक आवाज आला, पंखे एकदम पूर्ण वेगाने घोंघावायला लागले आणि स्क्रीन काळी. मशीन मात्र जिवंत होतं. लॅपटॉपवरून एसएसएचने (नेटवर्कवरून) आत जाऊन कर्नलचा लॉग पाहिला तर शेवटची ओळ ही: एक्सआयडी ७९ (एनव्हिडिया ड्रायव्हरचा एरर क्रमांक), 'जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस', म्हणजे कार्डाशी संपर्क तुटला. एनव्हिडिया-एसएमआयला विचारलं तर म्हणे कार्ड हरवलंय, रीबूट करा. रीबूट केलं की कार्ड परत हजर, जणू काही झालंच नाही.

हे आठवड्यातून चार-पाच वेळा होतं. कधी वीस मिनिटांत, कधी सहा तासांनी. त्या वेळी चालू असलेली कामं ओपनसीएलचा (कार्डावर गणित चालवणारी प्रणाली) उणे ३६ हा एरर देऊन पडतात.

पण मला खरी झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. जी कामं व्यवस्थित पूर्ण होतात, ज्यांत एकही एरर नसतो, त्यांतलीही काही प्रकल्पाच्या पानावर 'इनव्हॅलिड' ठरतात. गेल्या महिन्यात १९ ठरली. एकच काम सहसा दोन वेगवेगळ्या संगणकांना दिलेलं असतं आणि निकाल जुळले तरच धरले जातात. माझा निकाल जुळला नाही की ते काम तिसऱ्या कोणाला तरी द्यावं लागतं. म्हणजे माझ्या चुकीपायी कोणाचं तरी कार्ड तेच गणित पुन्हा करत बसतं. पडलेलं काम निदान पडलं म्हणून कळतं. हे जे गुपचूप चुकतं त्याचं काय करायचं?

आतापर्यंत केलेले उपाय: ड्रायव्हर मुळापासून काढून पुन्हा टाकला. कार्ड काढून, स्लॉट हवेने साफ करून पुन्हा बसवलं. कार्डाचे पंखे आणि हीटसिंक साफ केले. रॅमची मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही चूक नाही. गेम तासन्‌तास चालतात, कधी अडकत नाहीत. म्हणूनच कार्ड खराब आहे असं म्हणायला मन धजत नाही.

कार्ड गेलं समजायचं का? की अजून काही तपासण्यासारखं आहे?

प्रतिसाद

ताई, एवढ्यात कार्डावर काट मारू नका. एक्सआयडी ७९ चा अर्थ इतकाच की ड्रायव्हरने हाक मारली आणि पीसीआय एक्सप्रेसवरून (कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं ती जोडणी) कार्डाने ओ दिली नाही. कार्ड मेलं असेल तरी हेच दिसतं, आणि क्षणभर वीज कमी पडली तरी हेच दिसतं. माझ्या अनुभवात दुसरं कारण कितीतरी जास्त वेळा निघतं.

तुमच्या कार्डाचं रेटिंग ३२० वॅट. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, बाकी सगळा भार आठ पिनांच्या जोडण्यांवर. दर जोडणीला १५० वॅट हे प्रमाण. शिवाय ३२० ही सरासरी झाली. लोड अचानक चढतो तेव्हा काही मिलिसेकंदांपुरता कार्डाचा ओढा याच्या बराच वर जातो, आणि तुमची कामं तर थांबत-सुटत चालणारी. एक काम संपतं, लोड खाली येतो, दुसरं सुरू होतं, लोड उसळतो. प्रत्येक वेळी सप्लायला आणि केबलला धक्का.

तेव्हा पहिला प्रश्न: कार्डाच्या दोन्ही जोडण्यांना सप्लायकडून दोन वेगळ्या केबल आल्यात, की एकाच केबलला पुढे दोन तोंडं आहेत?

आणि एक चाचणी करा, खर्च शून्य. एनव्हिडिया-एसएमआयने पॉवर लिमिट २५० वॅटवर आणा आणि दोन दिवस तसंच चालू द्या. कार्ड पडायचं थांबलं तर वीज हा संशय पक्का. एनव्हिडिया-एसएमआयच्या सविस्तर माहितीत पीसीआयच्या भागात 'रीप्ले' चा, म्हणजे माहिती किती वेळा पुन्हा पाठवावी लागली त्याचा, आकडा असतो, तोही बघा. तो वाढत असेल तर स्लॉटची किंवा रायझरची (स्लॉट ते कार्ड जोडणारी केबल) जोडणी ढिली असण्याची शक्यता.

प्रतिसाद

वरचं बरोबर आहे, पण त्याने इनव्हॅलिडचा उलगडा होणार नाही. हे दोन वेगळे आजार आहेत असं मला वाटतं.

तुम्ही लिहिलंय, क्लॉक १,७४० वर 'अगदी स्थिर'. हे कार्ड स्वतःच्या मर्जीवर सोडलं तर लोडखाली क्लॉक असा एका आकड्यावर बसत नाही. तापमान आणि वॅट बघून १५-१५ मेगाहर्ट्झने सतत वरखाली करत राहतं. तुम्ही कधी क्लॉक लॉक केला होता का? एखादी जुनी स्क्रिप्ट, सिस्टिम सुरू होताना चालणारी?

गेम चालतात हा पुरावा धरू नका. गेममध्ये एखाद्या बिंदूचा रंग चुकला तर पुढच्या फ्रेमला तो पुसला जातो, डोळ्याला कळतही नाही. तुमच्या कामात पहिल्या मिनिटाला चुकलेला आकडा पुढच्या प्रत्येक बेरजेत शिरतो. त्यात या कार्डाला ईसीसी (मेमरीतल्या चुका आपोआप दुरुस्त करायची सोय) नाही. जीडीडीआर६एक्स मेमरीपर्यंतच्या ये-जा मध्ये झालेल्या चुका पकडून पुन्हा पाठवायची सोय आहे, पण कोअरच्या आत गुणाकारच चुकला तर तो पकडणारं कोणी नाही.

जीपीयू-बर्न हा चाचणीचा प्रोग्रॅम चालवा. तो तोच मॅट्रिक्स गुणाकार पुन्हा पुन्हा करून उत्तरं एकमेकांशी ताडून बघतो आणि चुकांची संख्या दाखवतो. मेमरीसाठी मेमटेस्ट व्हल्कन वेगळं चालवा.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही आभार. आधी केबल.

एकच केबल निघाली, दोन तोंडांची. मशीन मी स्वतः जोडलं होतं आणि तेव्हा 'केबल कमी दिसतील, आत हवा खेळती राहील' या विचाराने मुद्दाम तसं केलं होतं. आज दोन्ही तोंडं काढून टॉर्चखाली पाहिली. मधलं तोंड स्वच्छ. टोकाच्या तोंडात कोपऱ्यातल्या एका पिनेभोवतीचं काळं प्लॅस्टिक तपकिरी पडलंय आणि कडेला किंचित मऊ होऊन आत वळलंय. नाकाजवळ नेलं तर जळकट वास येतो. कार्डाच्या बाजूची पिन नशिबाने चकचकीत आहे, नखाने घासून पाहिली.

रीप्लेचा आकडा शून्य. म्हणजे स्लॉट ठीक असावा.

आणि क्लॉक. हो, स्क्रिप्ट सापडली. मागच्या उन्हाळ्यात कार्ड फार तापतं म्हणून क्लॉक १,७४० वर लॉक करून त्यावर १६५ मेगाहर्ट्झचा ऑफसेट (वाढीव क्लॉकचा आकडा) दिला होता. लिनक्सवर व्होल्टेज थेट कमी करता येत नाही म्हणून ही वाट धरली होती: ऑफसेट दिला की तोच क्लॉक कमी व्होल्टेजवर चालतो. तेव्हा तापमान सहा अंशांनी उतरलं, गेम नीट चालले, आणि मी ते विसरून गेले. ड्रायव्हर पुन्हा टाकला तरी स्क्रिप्ट जागच्या जागी, दर वेळी सिस्टिम सुरू झाली की चालायचीच.

प्रतिसाद

ती केबल आता पुन्हा लावू नका, तात्पुरतीसुद्धा. आणि घरात दुसऱ्या कुठल्या सप्लायची सुटी केबल पडली असेल तर ती मुळीच वापरू नका. कार्डाकडचं तोंड सगळीकडे सारखं असतं, पण सप्लायकडच्या तोंडात पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा. तोंड बसतं म्हणून लावलं आणि कार्ड किंवा डिस्क जळाली, असं झालेलं आहे. तुमच्याच मॉडेलची, त्याच कंपनीची केबल घ्या.

ऑफसेटचं एकदम शून्य करू नका. थोडं थोडं उतरवत प्रत्येक टप्प्यावर जीपीयू-बर्न चालवा, म्हणजे इनव्हॅलिडचं कारण खरंच तेच का, हे पुराव्याने कळेल.

धागाकर्तीचं उत्तर, अकरा दिवसांनी

सप्लायच्या खोक्यात दुसरी केबल मूळचीच होती, पिशवीतून बाहेरही काढली नव्हती. आणखी एक त्याच मॉडेलची मागवली. दोन जोडण्या, दोन स्वतंत्र केबल. त्यानंतर एक्सआयडी ७९ एकदाही आलं नाही, पॉवर लिमिट पुन्हा ३२० वर नेऊनही नाही.

पण सुचवल्याप्रमाणे ऑफसेट तसाच ठेवून आधी तीन दिवस काम चालू दिलं. कार्ड पडलं नाही, आणि तरी दोन निकाल इनव्हॅलिड आले. दोन वेगळे आजार, हे तुमचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं.

मग जीपीयू-बर्न. १६५ च्या ऑफसेटवर आठ मिनिटं चुकांचा रकाना शून्य. नवव्या मिनिटाला ३, मग थोड्या वेळाने ४१. स्क्रीनवर काही हललं नाही, पंखे तसेच फिरत होते, तापमान तेच ७१, लॉगमध्ये एक अक्षर नाही. तो आकडा वाढताना बघून पोटात गोळा आला, कारण मागच्या उन्हाळ्यापासून हेच चाललं असणार. १२० वर अर्ध्या तासात एक चूक. ९० वर दोन तासांत शून्य. मेमटेस्ट व्हल्कनमध्ये पहिल्यापासून काहीच निघालं नाही, म्हणजे मेमरी धडधाकट आहे.

९० वर थांबता आलं असतं. पण दोन तासांच्या चाचणीत चूक दिसली नाही, एवढ्यावर आठवडाभर अखंड चालणाऱ्या कामाचा भरवसा मला धरवेना. स्क्रिप्टमधला ऑफसेट आणि लॉक दोन्ही काढले. उष्णतेसाठी पॉवर लिमिट २७० वॅट ठेवलं आहे. यात व्होल्टेज आणि क्लॉकची जोडी कार्ड कारखान्यात ठरलेलीच वापरतं, फक्त दमाने चालतं. एका कामाला आधी पाच मिनिटं दहा सेकंद लागायची, आता साडेपाच मिनिटं.

आजच्या तारखेला ६४० निकाल ग्राह्य, इनव्हॅलिड एकही नाही, काही जोडीदाराच्या निकालाची वाट बघतायत. जुन्या इनव्हॅलिडची यादी काढून पाहिली: प्रत्येक काम तिसऱ्या संगणकाने पूर्ण केलेलं आहे, एकही अर्धवट राहिलेलं नाही. त्या सगळ्यांचे आभार मानायची इच्छा होती, पण पानावर नुसते संगणकांचे क्रमांक दिसतात.

शीर्षकापुढे 'सुटला' असं लिहिते आहे. तपकिरी पडलेली केबल दोन्ही टोकांना कापून टाकली, म्हणजे घरात कोणी चुकून ती पुन्हा लावणार नाही.