मदत हवी आहे: व्हिसा संपलेल्या भाचीला कॅलिफोर्नियात इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) लागू होईल का?

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज लिहावंच लागतंय. नावंगावं मुद्दाम गाळली आहेत, कृपया विचारू नका.

माझी भाची कॅलिफोर्नियात बारावीत आहे. सहावीत असताना एच-४ वर (नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आली. मागच्या वर्षी भाऊजींची नोकरी गेली, ६० दिवसांत दुसरी मिळाली नाही, आणि "पोरीची बारावी होऊ दे, मग बघू" म्हणत ते तिथेच राहिले. चूक की बरोबर, तो वाद इथे नको. आज घरात कुणाकडेच तिथे राहायचं कायदेशीर स्टेटस नाही.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज नोव्हेंबरात भरला. व्हिसाच्या रकान्यात ताईने 'एच-४' निवडलं. भाची शेजारीच होती, म्हणाली, "आई, तो संपलाय ना गं." तर ताई म्हणे, "काहीतरी लिहायला तर हवं." परवा फोनवर हे सांगताना ती रडत होती. बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला साधारण ३७ हजार डॉलर जादा पडतात, तेवढे आणायचे कुठून? एक ओळखीचे म्हणतात एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करून टाका. हे खरं आहे का? आणि तो रकाना आता कसा सुधारायचा?

बोरकूट: ताई, मी तिकडच्याच एका कम्युनिटी कॉलेजात अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर बसते. वकील नाही, पण असे अर्ज रोज बघते. तुम्हाला हवा तो कायदा एबी ५४०, २००१ चा. त्यात रहिवास नाही, शाळा बघतात: कॅलिफोर्नियात हायस्कूलची तीन वर्षं आणि तिथलाच डिप्लोमा. सोबत एक प्रतिज्ञापत्र, की कायदेशीर होण्याची संधी मिळताच अर्ज करीन. रहिवासाऐवजी शाळा का, तर १९९६ च्या केंद्रीय कायद्याने रहिवासावर अशी सवलत द्यायला अडकाठी केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही मांडणी मान्य केली.

आता गोची बघा. एच-४ चालू असता तर घरच्यांच्या रहिवासावर इन-स्टेट मागता आली असती, पण एबी ५४० मिळाला नसता. संपल्यावर उलटं. म्हणजे रकान्यात 'एच-४' राहिलं तर पोरगी दोन्हीकडून लटकणार. अ‍ॅडमिशन ऑफिसला आत्ताच कळवून दुरुस्ती करा, लाजू नका. आमच्याकडे असे फोन येतात, कुणी भुवई उंचावत नाही.

एफ-१ चं नावही काढू नका. तो मिळाला तरी फी बाहेरच्याचीच, आणि स्टेटस गेल्यावर देशात बसून तो मिळणं महाकठीण.

आणखी एक, फाफ्सा (केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरू नका. कॅलिफोर्निया ड्रीम अ‍ॅक्टचा अर्ज भरा, २ मार्चच्या आत. राज्याची मदत त्यातूनच मिळते.

ओसरी: मी टेक्सासात. आमच्याकडेही २००१ पासून असा कायदा होता. ४ जून २०२५ ला केंद्राने दावा लावला, राज्याने त्याच दिवशी मान तुकवली आणि कोर्टाने संध्याकाळपर्यंत कायदा मोडीत काढला. नोव्हेंबरात कॅलिफोर्नियावरही दावा झालाय. तिथलं सरकार असं हात वर करणार नाही असं मला वाटतं, पण बातम्यांवर लक्ष ठेवा.

बोरकूट: बरोबर. आणि ताई, भाचीचं वय? १८ च्या आतले दिवस बेकायदा वास्तव्यात मोजत नाहीत. १८ पूर्ण झाले की घड्याळ सुरू. १८० दिवसांच्या वर राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही. फीच्या आधी इमिग्रेशन वकील गाठा.

धागाकर्ती: एप्रिलमध्ये १८ होतील. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच वकिलाची वेळ घेते, ताईला फोन झालाय. शाळेकडून ट्रान्सक्रिप्टही मागवलं. नववीचे पहिले चार महिने ती दुसऱ्या गावच्या शाळेत होती, ते धरतात का?

बोरकूट: कॅलिफोर्नियातलीच शाळा ना? मग धरतात. दोन्हीकडची ट्रान्सक्रिप्ट जोडा.