सहा वर्षांच्या मुलाला घरी विज्ञान कसं शिकवावं? सल्ला हवाय

रानजाई
नमस्कार मंडळी. मुलगा पहिलीत आहे. दिवसभर प्रश्न विचारून भंडावून सोडतो. पुरी का फुगते? मुंग्यांना साखरेचा पत्ता कोण देतं? म्हणून हौसेनं प्रयोगांचा महागडा संच आणला. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी केला, फेस आला, त्यानं टाळ्या पिटल्या. फेस का आला हे मी सांगायला लागले तोवर पठ्ठ्या अंगणात पळालेला. या वयात नेमकं काय करावं? अनुभवाचं सांगा.

खडू_फळा
रानजाईताई, मी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. माझा अनुभव असा की या वयाच्या मुलाला कारण ऐकण्यात रस नसतो, पण आपला अंदाज खरा ठरतो का हे बघायला ते जीव टाकतं. त्यामुळे आधी अंदाज विचारा, तो चित्रात काढून घ्या, मगच प्रयोग करा.

विरजणापासून सुरुवात करा. तीन सारख्या वाट्या घ्या, तिन्हींत सारखंच दूध. पहिलीत कोमट दूध आणि चमचाभर विरजण. दुसरीत कोमट दूध, विरजण नाही. तिसरीत गार दूध आणि विरजण, ती फ्रिजमध्ये. विरजण त्याच्याच हातानं घालू दे. झाकणांवर १, २, ३ लिहू दे. "कुठल्या वाटीत दही होईल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, मला जमायला दोन वर्षं लागली.

तुमच्या माहितीसाठी: विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल बनवतात आणि त्या आम्लानं दूध घट्ट होतं. हे त्याला आज सांगायची घाई करू नका. उन्हाळ्यात दुसरी वाटी नासू शकते, ती चाखायला देऊ नका.

सोनटक्का
पुरीचं उत्तर कढईतच आहे. लाटलेल्या पुरीतल्या पाण्याची गरम तेलात वाफ होते, ती दोन पदरांच्या मध्ये अडकते आणि पुरी फुगते. एका पुरीला काट्यानं भरपूर टोचे मारा, दुसरी तशीच ठेवा. तळायचं तुम्ही, बघायचं त्यानं लांबून.

आणखी एक. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, ते आपण रोज पाहतो. हळदीचं पाणी कागदाला फासून वाळवा, त्यावर साबणाच्या पाण्यानं चित्र काढू दे. मग लिंबू पिळा, रंग परत पिवळा. कुंकूही पूर्वी हळदीपासूनच करायचे, हे माझ्या नातीला कळलं तेव्हा ती देवघरातला करंडा घेऊन आली होती.

दुपारची_सावली
अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ बघाच. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं अशा वस्तूंची शेकडो खेळणी तिथे आहेत, मराठी पुस्तकंही फुकट उतरवून घेता येतात. आयआयटी कानपूरचे हे इंजिनीअर पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं हेच करत होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

शिवाय अंगणात एक काठी रोवा आणि दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस एकेक दिवस असा येतो की भर दुपारी उभ्या काठीची सावलीच दिसत नाही. सावंतवाडीकडे मेमधला तो दिवस थोडा आधी येतो. जुलैत ढग असतात, म्हणून मेचा चुकवू नका.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्री तीन वाट्या लावल्या. त्याचा अंदाज: तीन नंबर. कारण विचारलं तर म्हणाला, "दही फ्रिजमध्येच असतं ना!" मी ओठ घट्ट मिटून बसले. सकाळी उठल्या उठल्या, दात न घासता, ओट्याशी. एक नंबरची वाटी तिरकी केली, दही हललं नाही. तीन नंबरचं दूधच. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "विरजणाला थंडी वाजली?" खडू_फळाताई, आता काय सांगू?

खडू_फळा
काही सांगू नका! तीन नंबरची वाटी फ्रिजमधून काढून ओट्यावर झाकून ठेवा, आणि आधी त्याचा अंदाज घ्या.

रानजाई
ठेवली. शाळेत जाताना झाकणावर खडूनं सूर्य काढून गेलाय.