मदत हवी आहे: 'मनी'सारखा सात ठोक्यांचा टेप लूप, आणि तो नीट दाखवणारे माहितीपट

गोलफीत

नमस्कार मंडळी,

'क्लासिक अल्बम्स' मालिकेतला पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'वरचा २००३ चा भाग पाहून त्यातल्या 'मनी' या गाण्याच्या सुरुवातीसारखा लूप करायला घेतला आहे. ढोबळ कृती माहीत आहे: नाणी, फाटणारा कागद, कॅश रजिस्टर असे आवाज वेगवेगळे मुद्रित करायचे, टेपचे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे तुकडे कापायचे, ओळीने जोडायचे आणि टोकाला टोक जोडून फिरवायचं.

मशीन पाव इंची टेपचं, दोन ट्रॅक, तीन हेड (पुसणारं, मुद्रण करणारं आणि वाजवणारं). वेग सेकंदाला १९ सेंमी. टेम्पो मिनिटाला १२० ठोके धरला, म्हणजे एका ठोक्याला अर्धा सेकंद, ९.५ सेंमी टेप. असे सात तुकडे.

अडचणी अशा. तुकडे मिलिमीटरपर्यंत सारखे आहेत, तरी ताल लंगडतो. तिसरा ठोका लवकर पडतो, पाचवा रेंगाळतो. प्रत्येक जोडावर बारीक 'टक्' येतं. आणि कॅश रजिस्टरच्या घंटीचा सूर हलतो. 'कॉम्प्युटरवर कर' हे उत्तर नको, टेपवरच करायचं आहे.

दुसरं म्हणजे, मिक्सिंग डेस्कवर बसून एकेक फेडर (त्या ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) उघडून किंवा टेप हातात घेऊन दाखवलेले आणखी माहितीपट सुचवा. नुसत्या मुलाखती नकोत.

मात्रा

ताल लंगडण्याचं कारण पट्टीत नाही. तुकड्यांची लांबी सारखी असून भागत नाही. एका आघातापासून पुढच्या आघातापर्यंतचं अंतर सारखं हवं. एका तुकड्यात नाणं सुरुवातीपासून ५ मिमीवर वाजतंय आणि दुसऱ्यात कागद २० मिमीवर फाटतोय, तर फरक १५ मिमीचा, म्हणजे जवळजवळ ८० मिलिसेकंद. अर्ध्या सेकंदाच्या ठोक्यात एवढं घसरलं की कानाला लगेच कळतं.

म्हणून आधी आघात शोधा, मग मोजा. मशीन एडिट किंवा पॉजवर ठेवून दोन्ही स्पूल हाताने हळूहळू पुढे-मागे फिरवा. आवाज 'घ्रू' करत जिथे सुरू होतो, तिथे प्लेबॅक हेडच्या बरोबर मध्यावर टेपच्या पाठीमागे पांढऱ्या ग्रीस पेन्सिलने खूण करा. खुणेच्या ५ मिमी आधी पहिला काप, तिथून ९.५ सेंमीवर दुसरा. सातही तुकड्यांत खूण त्याच जागी आली पाहिजे.

नाणं आणि घंटी यांना हे तंतोतंत लागू पडतं. कागदाचं वेगळं आहे. तो फाटायला लागतो तेव्हा आवाज बारीक असतो आणि कानाला ठोका लागतो तो जरा नंतर, जोर आल्यावर. तिथे खूण सुरुवातीला न करता जोराच्या जागी करा. तुमचा रेंगाळणारा पाचवा ठोका कागदाचाच असावा. मूठभर नाणी भांड्यात खळखळत असतील तर तिथेही हाच नियम.

मोजताना रूपक तालाची सवय असेल तर हात सात मात्रांवर आपोआप बसतो, पण ३-२-२ असा वजनाचा विभाग आवाजांवर लादू नका. आवाजाचं शेपूट, म्हणजे विरत जाणारा शेवट, कापलं जाण्याची काळजीही नको. पुढच्या आवाजाने मागच्याला तोडणं हाच या लूपचा स्वभाव आहे.

डेकदुरुस्ती

'टक्'ची कारणं दोन-तीन असू शकतात, या क्रमाने तपासा.

पातं चुंबकित असेल तर कापतानाच टेपवर टक् उमटतं. नवीन ब्लेड घ्या आणि हेडच्या डीमॅग्नेटायझरने तेही विचुंबकित करा. कात्री नकोच.

मग जोडाची फट. दोन्ही टोकं स्प्लायसिंग ब्लॉकच्या (टेप कापायच्या-जोडायच्या ठोकळ्याच्या) खाचेत भिडवा; एकावर एक चढायला नकोत, मध्ये उजेडही दिसायला नको. चिकटपट्टी पाठीच्या बाजूने, सुमारे २ सेंमी, नखाने घासून हवेचे बुडबुडे काढून. ती स्प्लायसिंगचीच हवी. साध्या सेलोटेपचा गोंद कडांतून सुटतो आणि हेडवर बसतो, मग जोडाला टेप अडखळते.

तिसरं, कापाचा कोन. सगळीकडे ४५ अंश सांगतात, कारण तिरक्या कापाने एक आवाज दुसऱ्यात हळूच मिसळतो. पण पाव इंची टेपवर ४५ अंशांचा काप टेपच्या दिशेने ६ मिमीहून जास्त पसरतो. तुमच्या वेगाला ३३ मिलिसेकंद. दोन ट्रॅक असतील तर एका बाजूचा आवाज दुसरीच्या आधी बदलतो. आणि वर 'मात्रा' यांनी सांगितलेलं ५ मिमीचं अंतर त्यात बुडून आघातच कापला जातो. अशा टणक आवाजांना ९० अंशांच्या खाचेत कापा. काप शांत जागी पडत असल्याने सरळ कापाचंही टक् येत नाही. मागच्या आवाजाचं शेपूट फार मोठं असेल तिथे फक्त ६० अंश वापरून बघा.

आता हलणारा सूर. नेहमी डावं स्पूल टेपला मागे ओढून धरतं. लूपला ते स्पूलच नसतं, त्यामुळे टेप हेडवर सैल पडते: सूर हलतो आणि वरच्या पट्टीचे आवाज दबतात. मशीन पाठीवर आडवं ठेवा, बाजूला जड बुडाचा माइक स्टँड उभा करा आणि लूप हेड, कॅप्स्टन (टेप ओढणारा फिरता दांडा) आणि त्याला टेप दाबून धरणारा पिंच रोलर यांतून नेऊन स्टँडच्या नळीभोवती फिरवा. नळी खरखरीत असेल तर तिच्यावर मोकळी फिरणारी प्लास्टिकची गुळगुळीत पुली बसवा. टेप हेडच्याच उंचीवर वळली पाहिजे, नाहीतर ती वर चढते आणि कड दुमडते. ताण इतकाच की बोटाने टेप सहज दबावी. जास्त ओढलीत तर कॅप्स्टनवर घसरून सूर उतरतो. ताणाचा दांडा खाली पडला की मशीन बंद होत असेल तर दांडा रबरबँडने वर बांधा. टेप लाँग प्ले नको, नेहमीची ५० मायक्रॉनची घ्या. पातळ टेप अशा वळणावर लवकर ताणते.

फेडरवर

माहितीपटांबद्दल. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'वरचा १९९२ चा बघा. जॉर्ज मार्टिन डेस्कवर बसून चार ट्रॅकच्या टेपमधले थर सुटे करून ऐकवतात. चार ट्रॅक भरले की त्यांचं मिश्रण दुसऱ्या मशीनवर उतरवायचं आणि तिथले मोकळे ट्रॅक वापरायचे, ही पद्धत तिथे कानाने समजते. प्रत्येक उतरवणीत हिस (टेपची सरसर) वाढत जाते म्हणून कोणतं वाद्य आधी उतरवायचं हा निर्णय किती महत्त्वाचा होता तेही कळतं. क्वीनच्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'वरचा 'क्लासिक अल्बम्स'चा भागही सोडू नका. ब्रायन मे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चे थर एकेक करून उघडतात. 'साउंड सिटी' (२०१३) चांगला आहे, पण त्यात नीव्ह कंपनीच्या मिक्सिंग डेस्कचा आणि स्टुडिओचा इतिहास जास्त, टेप कापणं नाही.

एक लक्षात ठेवा. फेडर उघडल्यावर जो एकटा आवाज ऐकू येतो तो नेहमी माइकमधून आला तसा कोरा नसतो. कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणं), कधी प्रतिध्वनीही त्याच ट्रॅकवर मुद्रित झालेला असतो. ते ऐकून माइकची जागा ठरवू नका.

गोलफीत

खुणा करून परत कापले, ताल बसला. पण एक आवर्तन ६६ सेंमीच्या आसपासचं. स्टँड मशीनच्या अगदी अंगाला येतो आणि वळण कडक होतं.

डेकदुरुस्ती

दोन किंवा चार आवर्तनांचा लूप करा: १३३ किंवा २६६ सेंमी. टेनसीसी (10cc) या ब्रिटिश बँडने इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत 'आय ॲम नॉट इन लव्ह'साठी (१९७५) तेरा स्वरांचे लूप केले, प्रत्येक स्वरावर तिघांनी सोळा वेळा गायलेले ४८ आवाज. ते सुमारे १२ फुटांचे होते आणि माइक स्टँडभोवतीच फिरवले होते. लांबी एवढी ठेवली कारण धरलेल्या स्वरात जोडाची खूण ऐकू येते, ती जितक्या उशिरा येईल तितकं बरं. तुमच्याकडे दर अर्ध्या सेकंदाला जोड आहेच, त्यामुळे लांबीचा फायदा फक्त सैल वळणाचा. नवे तुकडे मात्र नव्याने वाजवलेल्या नाण्यांचे घ्या. त्याच आवाजाची प्रत जोडलीत तर एका पिढीची हिस वाढते आणि आवर्तनं एकसारखी वाटतात.

मशीनचा वेगही तपासा. टेपवर १९०.५ सेंमीच्या अंतराने दोन खुणा करा. एका हेडसमोरून दोन्ही जायला बरोबर १० सेकंद लागले पाहिजेत. मग लूप दुसऱ्या मशीनवर सलग पाच मिनिटं उतरवून घ्या. लूपच्या मशीनवर दोन्ही ट्रॅकचे रेकॉर्ड स्विच आधी बंद करा, कारण इरेज हेड टेपच्या वाटेतच आहे आणि चुकून रेकॉर्ड लागलं तर एका फेरीत सगळे तुकडे पुसले जातील.