डेलावेअर ओलांडतानाचा फोटो: चित्राबरहुकूम की इतिहासाबरहुकूम?

तिपाई (धागाकर्ता)
अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री सेनापती वॉशिंग्टन सुमारे २,४०० सैनिक घेऊन डेलावेअर नदीपार गेला आणि सकाळी ट्रेंटन गावावर चालून गेला. माणसांना पोशाख चढवून हा प्रसंग आम्हाला फोटोत उभा करायचाय. कॅमेरा आला १८३९ च्या सुमारास, त्यामुळे खऱ्या फोटोचा प्रश्नच नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं ते चित्रकार लॉयट्सचं या प्रसंगावरचं १८५१ चं चित्र. माझं मत: ते आधी डोक्यातून काढा. त्यातला तारे-पट्ट्यांचा झेंडा स्वीकारला गेला १४ जून १७७७ ला! होडी इवलीशी दाखवलीय, प्रत्यक्षात मालवाहू, लांबलचक डरहॅम होड्या होत्या. आणि चित्रात उजाडतंय, इथे मिट्ट काळोखात बर्फाचं वादळ.

फ्रेमबाज
मग लेन्सवर झाकण ठेवूनच काढा की! वादळी मध्यरात्री दिसणार काय? लोक ओळखतात ती वॉशिंग्टनची उभी आकृती. ती गेली की उरतात होडीतले वीसेक भिजलेले बाप्ये.

तिपाई
भिजलेले बाप्येच हवेत मला. सोबत १८ तोफा होत्या. मध्यरात्रीपर्यंत पलीकडे पोचायचं ठरलं होतं, सगळं पार व्हायला पहाटेचे तीन वाजले. छाती काढून उभं राहण्यात ही दमछाक कुठे येते?

दगडफूल
उभं राहण्याला हसू नका हं. डरहॅम होडीत बसायला बाकंच नसत, ती मालासाठी बांधलेली. तळाशी गार पाणी असताना कोण बसेल? तेवढ्यापुरतं चित्र बरोबर आहे, चित्रकाराच्या मनात काही का असेना.

जुनाखोड
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. चित्राने थाप मारली तर आपण सोडून देतो, फोटोला ती सवलत नाही. लखनौच्या सिकंदर बागेतली लढाई नोव्हेंबर १८५७ ची. फोटोग्राफर बियातो तिथे पोचला १८५८ मध्ये, आणि त्याने आवारात हाडं मांडून फोटो घेतला. अमेरिकेच्या यादवी युद्धात, गेटिसबर्गच्या रणभूमीवर १८६३ साली फोटोग्राफर गार्डनरने फोटोसाठी मेलेल्या सैनिकाला उचलून दगडांच्या आडोशाला नेलं. हे फोटो कित्येक वर्षं जसेच्या तसे खरे मानले गेले. तुमची बटणं नि टाके जितके अचूक, तितकी फसगत पक्की.

फ्रेमबाज
अहो, १७७६ चा फोटो खरा कोण समजेल?

जुनाखोड
फॉरवर्ड करणारे. फोटोखालची खुलाशाची ओळ पहिल्याच फॉरवर्डला गळते.

तिपाई
हं. मग चौकटीतच दिव्याचा स्टँड दिसू द्यायचा का? कोपऱ्यात, अर्धा. हे सुचलं नव्हतं.

फ्रेमबाज
म्हणजे सहा महिने उशिराचा झेंडा चालत नाही, पण विजेचा दिवा चालतो. धन्य आहात!