माउस लेमरची जात ठरवताना मायटोकॉन्ड्रिया एक सांगतो, केंद्रकातली जनुकं दुसरंच. मदत हवी आहे

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी दक्षिण मादागास्करमधल्या माउस लेमरचे जीनबँकेतले (डीएनएच्या खुल्या डेटाबेसमधले) सीक्वेन्स तपासतेय. करडा म्हणजे मुरिनस आणि तांबूस-करडा म्हणजे ग्रिसेओरुफस. साठेक ग्रॅमचे, माकडांच्या गटातले निशाचर जीव, रात्री टॉर्चच्या उजेडात दोघं सारखेच. रंगावर तर भरवसाच नको: बेझा महाफाली या तिथल्याच राखीव जंगलात रंगावरून एकापेक्षा जास्त जाती असाव्यात असं वाटलं होतं, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएने सगळे ग्रिसेओरुफसच ठरवले.

सायटोक्रोम बी या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकावरून (1140 बेस) नात्यांचं झाड काढलं, दोन फांद्या स्वच्छ वेगळ्या आल्या. एका सीक्वेन्समध्ये मात्र मधेच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) निघाला. कोड पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचाच लावला होता, त्यामुळे टीजीएचा (नेहमीच्या कोडमध्ये स्टॉप, या कोडमध्ये नाही) घोळ नाही. केंद्रकात जाऊन बसलेली जुनी प्रत असणार असं धरून तो काढून टाकला.

खरी अडचण पुढे आहे. चार प्राणी सायटोक्रोम बीवर ग्रिसेओरुफस, पण केंद्रकातल्या तिन्ही जनुकांवर मुरिनसमध्ये जातात. अलाइनमेंट (सीक्वेन्सची एकाखाली एक जुळणी) डोळ्यांनी दोनदा तपासलं, बूटस्ट्रॅपही (फांद्या किती भरवशाच्या ते सांगणारा आकडा) चांगला आहे. हे दोन जातींच्या संकराने झालं, की पूर्वजातले जुने प्रकार अजून पुरते वेगळे झालेले नाहीत म्हणून? मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, एवढ्यावरून काही ठरत नाही.

नवे नमुने मिळणार नाहीत (सायटिस या वन्यजीव-व्यापार कराराच्या पहिल्या परिशिष्टातले प्राणी, परवान्यांतच वर्ष जाईल), पैसेही नाहीत. तर तीनच जनुकांवर या दोन शक्यता वेगळ्या करणारी एखादी चाचणी टिकेल का, की एबीबीए-बीएबीए या संकर शोधणाऱ्या चाचणीसाठी कुणाचा तरी रॅडसेक (जीनोमभरातले हजारो तुकडे वाचलेला) डेटा मागावाच लागेल?